जीवनसत्त्व अ मोजायचंय? आधी हिशेब मांडा

रक्ताची तपासणी, प्रयोगशाळेतली निळ्या रंगाची चाचणी, तेलाचा नमुना: कुठे किती खर्च येतो, आणि कुठे एक रुपयाही घालवायची गरज नसते

व्हिटॅमिन ए मोजून घ्यायची वेळ साधारण तीन प्रकारच्या लोकांवर येते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तपासणी लिहून दिलेला रुग्ण, जीवरसायनशास्त्राचा प्रबंध हातात घेतलेला विद्यार्थी, आणि पिशवीवर ‘जीवनसत्त्व अ युक्त’ छापलेलं तेल विकणारा किंवा विकत घेणारा. तिघेही एकच प्रश्न विचारतात, ‘किती लागतील?’ आणि तिघांना तीन वेगळे आकडे ऐकू येतात. कोणी अडीच हजार सांगतो, कोणी अडीचशे.

दोन्ही आकडे खरे असू शकतात. कारण पदार्थ एकच असला तरी तो कशातून मोजायचा, किती नेमका मोजायचा आणि त्या आकड्याचं पुढे काय करायचं, यावर खर्च ठरतो. हे आधी ठरवलं नाही, तर स्वस्तातली चाचणी महागात पडते आणि महागडी चाचणी वाया जाते.

या लेखातले दर महाराष्ट्रातल्या मोठ्या आणि मध्यम शहरांत साधारणपणे पडतील अशा अंदाजाने दिले आहेत. शहर, कंपनी आणि सवलत यांप्रमाणे ते वर-खाली होतात. म्हणून आकड्यापेक्षा तो कशाकशाचा बनतो, याकडे जास्त लक्ष द्या.

एका नजरेत

- खासगी लॅबमध्ये रक्तातलं जीवनसत्त्व अ (एचपीएलसी किंवा त्याहून वरची पद्धत): १५०० ते ४००० रुपये
- सोबत सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी रक्तचाचणी): ३०० ते ७०० रुपये
- घरी येऊन रक्त नेण्याचा आकार: १०० ते २५० रुपये, काही ठिकाणी माफ
- विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात एचपीएलसी: नमुन्यामागे ५०० ते १५०० रुपये
- विभागातच रंगचाचणी, ६० नमुन्यांसाठी: एकूण १५ ते ३५ हजार रुपये
- अन्न प्रयोगशाळेत तेलाचा एक नमुना: २००० ते ४००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी
- पाच वर्षांखालच्या मुलाला शासकीय कार्यक्रमातला डोस: मोफत

रुग्णाचा हिशेब

रक्तातल्या जीवनसत्त्व अ ची तपासणी ही रोजच्या साखर-हिमोग्लोबिनसारखी तपासणी नाही. गल्लीतल्या लॅबमध्ये रक्त काढलं जातं, पण नमुना मुंबईच्या किंवा बाहेरच्या राज्यातल्या मध्यवर्ती लॅबमध्ये जातो. त्यामुळे रिपोर्टला दोन-तीन दिवसांपासून आठवडाभरही लागतो. तिथे रक्तद्रवातलं रेटिनॉल, म्हणजे रक्तातलं जीवनसत्त्व अ, आधी बाकीच्या घटकांपासून वेगळं केलं जातं आणि मग मोजलं जातं. एचपीएलसी म्हणतात ती हीच पद्धत. शंभर-दोनशे मायक्रोलिटर रक्तद्रव तिला पुरतो, म्हणून लहान मुलांसाठीही ती सोयीची.

आपण जे पैसे भरतो त्यातला मोठा वाटा या यंत्राचा आणि ते चालवणाऱ्या माणसाचा असतो. एक एचपीएलसी यंत्र १२ ते २५ लाखांच्या घरात जातं. वर त्याचे कॉलम, द्रावकं, देखभालीचा वार्षिक करार. दिवसाला चार-पाचच नमुने येणाऱ्या लॅबला ते परवडत नाही, म्हणून नमुने एका जागी गोळा होतात. रोगनिदानाच्या तपासणीवर जीएसटी नसतो. बिलात तो लावलेला दिसला तर विचारा.

पैसे वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र दरपत्रकात दिसत नाही. रेटिनॉल उजेडाने आणि हवेने नासतं. रक्त काढल्यावर नळी अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळली नाही, रक्तद्रव वेळेत वेगळा केला नाही, नमुना थंड राहिला नाही, तर तीन हजार रुपये भरून आपण प्रवासात किती रेटिनॉल उडालं तेवढंच मोजून घेतो. लातूर-परभणीहून नमुना मुंबईला जाणार असेल तर लॅबची गाडी कधी निघते ते विचारून, त्याआधी तासा-दोन तासांत रक्त द्यावं. शनिवारी दुपारी दिलेला नमुना सोमवारपर्यंत तिथेच पडून राहण्याची शक्यता जास्त.

रक्त द्यायला जाताना पोट रिकामं हवं, साधारण १० ते १२ तास. जीवनसत्त्वाच्या गोळ्या, कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल आणि मद्य आदल्या दिवशी टाळायचं. गोळ्या कायमच्या चालू असतील तर त्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

रिपोर्ट आल्यावर पहिली नजर एककावर. काही लॅब मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर लिहितात, काही मिलिग्रॅम प्रति लिटर, काही मायक्रोमोल प्रति लिटर. ०.३ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजेच ३० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. मायक्रोमोलचा आकडा २८.६ ने गुणला की मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ०.७० मायक्रोमोल प्रति लिटर, म्हणजे २० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, याच्या खाली कमतरता धरतात. ०.३५ म्हणजे १० च्या खाली ती गंभीर. दोन वेगळ्या लॅबचे रिपोर्ट समोर ठेवून ‘आकडा एकदम तीसपट झाला’ म्हणून घाबरणाऱ्यांनी आधी एकक पाहावं.

आता सीआरपीचे ते तीनशे-सातशे रुपये. अंगात ताप, संसर्ग, कुठलाही दाह असला की रक्तातलं रेटिनॉल तात्पुरतं खाली येतं, कारण ते वाहून नेणारं प्रथिन त्या काळात कमी तयार होतं. साठा भरपूर असूनही रिपोर्ट कमतरता दाखवतो. सीआरपी सोबत केली तर हा घोळ ओळखता येतो. सर्दी-तापात असाल तर त्याहून स्वस्त उपाय म्हणजे तपासणी दोन-तीन आठवडे पुढे ढकलणं.

दुसरी मर्यादा अशी, की शरीरातलं बहुतेक सगळं जीवनसत्त्व अ यकृतात साठतं आणि यकृत रक्तातली पातळी शेवटपर्यंत राखून धरतं. साठा जवळपास संपला की मगच रक्तातला आकडा कोसळतो. म्हणून ‘सगळं नॉर्मल’ आल्यावर साठाही भरपूर आहे असं समजू नये. जास्तीच्या बाजूलाही तेच. अनेक महिने जास्त मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्याचा रक्तातला आकडा साधाच दिसू शकतो, आणि यकृताचं नुकसान आत चालू असतं.

मग ही तपासणी कोणी करावी? ज्यांना चरबी पचत-शोषत नाही अशांनी: सीलियाक, स्वादुपिंडाचा जुना आजार, पित्तमार्गाचा अडथळा, यकृताचा आजार, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेले. संध्याकाळनंतर नीट न दिसणारे, ज्यांच्या डोळ्यांत कोरडेपणा आणि पांढऱ्या भागावर फेसाळ ठिपके आहेत असे. अशांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणी पैशाला जागते. केस गळतात, थकवा येतो, एवढ्यावर पॅकेजमध्ये ‘सगळी व्हिटॅमिन्स’ तपासून घेणाऱ्याला अ चा आकडा क्वचितच काही नवं सांगतो. पॅकेजमध्ये तो स्वस्त पडतो हे खरं, पण ज्याचं पुढे काही करायचं नाही तो आकडा फुकट मिळाला तरी महागच.

जिथे तपासणीच नको

लहान मूल संध्याकाळी ठेचकाळतंय, डोळ्यांत ठिपके दिसताहेत, तर आधी डॉक्टर गाठायचा. रिपोर्टची वाट बघत आठवडा घालवायचा नाही. अशा मुलाला उपचाराचा डोस लगेच देतात. तपासणी नंतरही होऊ शकते, पण डोळ्याच्या बुबुळाला झालेली इजा मागे फिरत नाही.

निरोगी मुलांसाठी शासनाचा कार्यक्रम आहे, त्याचा खर्च शून्य. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर १ लाख आययू (आंतरराष्ट्रीय एकक), म्हणजे १ मिलिलिटर पातळ औषध. त्यानंतर दर सहा महिन्यांनी २ लाख आययू, मूल पाच वर्षांचं होईपर्यंत. एकूण ९ डोस. उपकेंद्रात, अंगणवाडीत, शहरातल्या आरोग्य केंद्रांत ते मिळतात आणि लसीकरणाच्या कार्डावर त्याची नोंद होते. देण्याआधी रक्त तपासावं लागत नाही. मात्र कार्ड जवळ हवंच, कारण एकच डोस दोनदा देणं बरं नाही. खासगी डॉक्टरांकडे दिला असेल तर तो त्याच कार्डावर लिहून घ्या.

हा कार्यक्रम का, याचं उत्तर २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात आहे. १ ते ४ वर्षे वयाच्या सुमारे १८ टक्के मुलांत आणि ५ ते ९ वर्षांच्या सुमारे २२ टक्के मुलांत जीवनसत्त्व अ ची कमतरता आढळली. डोसांचा कार्यक्रम पाच वर्षांना संपतो आणि नंतरच्या वयोगटात आकडा वर जातो, तेव्हा पुढची जबाबदारी ताटावर येते. शेवग्याचा पाला, राजगिरा, माठ, गाजर, पिकलेली पपई, आंबा, अंड्याचा बलक, दूध. तपासणीच्या तीन हजारांत घरात महिनोन्‌महिने पालेभाजी येते.

गरोदर स्त्रियांनी मात्र जास्तीची भीती धरावी. पहिल्या महिन्यांत जास्त मात्रेचं तयार जीवनसत्त्व अ गर्भाला व्यंग आणू शकतं. दिवसाला १०,००० आययूच्या वर जाणारी गोळी डॉक्टरांशिवाय घेऊ नये. भाजीतल्या कॅरोटीनला हा धोका नाही.

निळा रंग: स्वस्त का, आणि कुठे

आता विद्यार्थ्यांकडे. १९२६ मध्ये फ्रान्सिस हॉवर्ड कार आणि अर्नेस्ट प्राइस यांनी इंग्लंडमध्ये दाखवून दिलं की क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेलं अँटिमनी ट्रायक्लोराइड जीवनसत्त्व अ ला भेटलं की गडद निळा रंग येतो. तोवर कॉड माशाच्या यकृत तेलाची प्रत ठरवायला उंदरांना आठवडेच्या आठवडे खाऊ घालून त्यांची वाढ मोजत. रंगाने तेच काम मिनिटांवर आणलं. कार-प्राइस चाचणी हे नाव अजूनही जीवरसायनाच्या प्रात्यक्षिकांच्या वहीत असतं, ते यामुळे.

१९६३ मध्ये नील्ड आणि पिअरसन यांनी त्याच रंगासाठी ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्ल वापरलं. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने हेच निवडावं. अँटिमनीला पाण्याचा कण सहन होत नाही. नळीत ओल असली की द्रावण गढूळ होतं, क्युवेटवर (वाचनाच्या छोट्या नळीवर) पांढरा थर बसतो आणि तो काढायला तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं. काचेच्या दोन क्युवेट खराब झाल्या की अभिकारकात वाचवलेले पैसे गेले. ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्ल ओलीच्या बाबतीत कमी कटकटीचं आहे. मात्र ते अतिशय दाहक असतं. धूर शोषणारं कपाट, चष्मा आणि योग्य हातमोजे नसतील तर दोन्हींपैकी कुठलीच पद्धत करू नये. घरी किंवा शाळेच्या वर्गात तर नाहीच.

कृती थोडक्यात अशी. रक्तद्रवात तेवढंच अल्कोहोल घालून प्रथिनं खाली बसवायची. हेक्झेन किंवा पेट्रोलियम ईथरने जीवनसत्त्व वर ओढून घ्यायचं. त्या थराचं ४५० नॅनोमीटरवर वाचन घ्यायचं, हे कॅरोटीनसाठी. मग नायट्रोजनच्या झोताखाली द्रावक उडवायचं, उरलेलं क्लोरोफॉर्ममध्ये घ्यायचं, अभिकारक ओतायचा आणि ६२० नॅनोमीटरवर लगेच वाचायचं. लगेच म्हणजे पाच-दहा सेकंदांत, कारण रंग डोळ्यांदेखत उतरत जातो. म्हणून अभिकारक क्युवेट यंत्रात ठेवूनच ओततात, आणि दर नमुन्याला ओतण्यापासून वाचनापर्यंतचा वेळ सारखा ठेवतात. एक जण ओतेल आणि दुसरा घड्याळाकडे पाहील अशी जोडी हवी. नमुन्यांची संख्या ठरवताना हा दुसरा माणूस धरायचा विसरू नका.

सगळं काम मंद प्रकाशात, तपकिरी काचेत किंवा फॉइलमध्ये. कॅरोटीनचं वाचन गाळलं तर उत्तर फुगतं, कारण कॅरोटीनही याच अभिकारकाबरोबर थोडा निळा रंग देतं. गाजर-पपईच्या मोसमात घेतलेल्या रक्तात ही चूक मोठी होते.

आता पद्धतीची खरी अडचण. निरोगी माणसाच्या रक्तद्रवाच्या १ मिलिलिटरमध्ये रेटिनॉल असतं अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास. कमतरतेच्या सीमेवर ते ०.२ मायक्रोग्रॅम. इतक्या थोड्या मालाचा निळा रंग फिका असतो आणि तो उतरतही असतो. साध्या कलरीमीटरवर १८ आणि २२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर यांतला फरक सांगणं म्हणजे भाजीच्या काट्यावर सोनं तोलणं. आणि निदानात नेमका तोच फरक महत्त्वाचा. शिवाय दर नमुन्याला १ मिलिलिटर रक्तद्रव, म्हणजे तीन-चार मिलिलिटर रक्त लागतं. म्हणून रुग्णाचं निदान या चाचणीवर करत नाहीत.

जिथे माल भरपूर आहे तिथे हीच चाचणी चोख काम करते. बोकडाचं किंवा कोंबडीचं यकृत, माशाचं यकृत तेल, जनावरांच्या खाद्यात मिसळायचं प्रीमिक्स, पोषणयुक्त तेल. यकृताच्या नमुन्याचं आधी अल्कोहोलातल्या पोटॅशने साबणीकरण करून घ्यावं लागतं, आणि त्यात अॅस्कॉर्बिक आम्लासारखं काही घालतात, म्हणजे जीवनसत्त्व हवेने नासत नाही. प्रबंधाचा विषय अजून ठरायचा असेल आणि खिशात पैसे बेताचे असतील, तर माणसाच्या रक्ताऐवजी यकृत किंवा तेल निवडा. रंग गडद येतो, पुनरावृत्ती जुळते, आणि नैतिकता समितीच्या मंजुरीचे महिने वाचतात. माणसाचं रक्त घ्यायचं तर ती मंजुरी आणि देणाऱ्याची लेखी संमती या दोन्हींशिवाय सुई लावता येत नाही.

प्रबंधाचं बजेट, ६० नमुने

विभागात स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि धूर शोषणारं कपाट आहे असं धरून:

- ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्ल, १०० मिलिलिटर: १५०० ते ३००० रुपये
- क्लोरोफॉर्म, ५०० मिलिलिटर: ४०० ते ८००
- हेक्झेन किंवा पेट्रोलियम ईथर: ५०० ते १०००
- शुद्ध अल्कोहोल: ५०० ते १२००
- रेटिनॉलचं प्रमाण द्रव्य: ८,००० ते २०,०००
- तपकिरी नळ्या, टिप्स, फॉइल: २००० ते ३०००
- नायट्रोजन सिलिंडरचं भाडं: १५०० ते ३०००
- घातक कचऱ्याची विल्हेवाट: १००० ते २०००

बेरीज १५,४०० ते ३४,००० रुपये. नमुन्यामागे अडीचशे ते साडेपाचशे. यादीकडे नीट पाहिलं तर लक्षात येतं की निम्म्याहून जास्त पैसा एकाच बाटलीत आहे: प्रमाण द्रव्य. आणि ती बाटली ६० नमुन्यांना लागते तशी १५ नमुन्यांनाही लागते. म्हणून १५-२० नमुन्यांपुरता प्रश्न असेल तर रंगचाचणीचा हट्ट धरू नये. उपकरण केंद्रात एचपीएलसीला २० नमुन्यांचे १० ते ३० हजार होतात, म्हणजे खर्च जवळपास तोच आणि आकडे जास्त भरवशाचे. ६० नमुन्यांना तिथे ३० ते ९० हजार लागतील, तेव्हा रंगचाचणीची बचत खरी ठरते. १०० च्या पुढे ती वाढतच जाते.

प्रमाण द्रव्यावर काटकसरीचे दोन रस्ते आहेत. एक, ते दोन-तीन विद्यार्थ्यांनी मिळून मागवावं आणि उघडल्याच दिवशी छोट्या तपकिरी नळ्यांत वाटून, नायट्रोजन भरून, खोल गोठवणीत ठेवावं. एकदा उघडलेली मोठी बाटली महिनाभर वापरणं म्हणजे रोज थोडे थोडे पैसे हवेत सोडणं. दोन, हात बसेपर्यंत सराव औषधाच्या दुकानातल्या जीवनसत्त्व अ च्या कॅप्सूलवर करावा. प्रबंधातला आलेख मात्र खऱ्या प्रमाण द्रव्याचाच हवा. १ आययू म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम रेटिनॉल, एवढं लक्षात ठेवलं की कॅप्सूलवरचा आकडा बदलून घेता येतो.

प्रमाण द्रावणाची ताकद वेष्टनावर विसंबून धरू नका. अतिनील वाचन देणारं यंत्र असेल तर अल्कोहोलातल्या रेटिनॉलचं ३२५ नॅनोमीटरवर वाचन घ्या. १ टक्का द्रावण १ सेंटिमीटर क्युवेटमध्ये सुमारे १८५० एवढं शोषण देतं, त्या हिशेबाने खरी ताकद काढता येते. या तपासणीला वेगळा खर्च नाही, आणि मार्गदर्शकांचा पहिला प्रश्न यातच सुटतो.

यंत्रच नसेल तर? साधा डिजिटल कलरीमीटर ५ ते १५ हजारांत येतो, पण तो अतिनील वाचन देत नाही. दृश्य प्रकाशाचा स्पेक्ट्रोफोटोमीटर २५ ते ६० हजार, अतिनीलसह दुहेरी किरणाचा दीड ते चार लाख. एका प्रबंधासाठी यंत्र विकत घेऊ नये. शेजारच्या महाविद्यालयाशी बोलून ठरावीक वारी यंत्र मिळतं का पाहावं.

बजेटमध्ये हमखास राहून जाणाऱ्या तीन गोष्टी. शुद्ध अल्कोहोलाला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. विभागाकडे तो नसेल तर त्यातच एक सत्र जाऊ शकतं. क्लोरोफॉर्म आणि अँटिमनीचं उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. महाराष्ट्रात तळोजा आणि रांजणगाव इथल्या घातक कचरा केंद्रांकडे ते संस्थेमार्फत जातं. रक्ताच्या नळ्यांचा जैववैद्यकीय कचरा त्याहून वेगळा. आणि तिसरी, वाया जाणारे पहिले नमुने. पहिल्या दहा-बारा नळ्या शिकण्यात जातात असं धरूनच अभिकारक मागवा.

पिवळ्या रंगाची दुसरी वाट

बाजारात एलायझा किट मिळतात. त्यात रेटिनॉल वाहून नेणारं प्रथिन मोजतात. त्याचं रक्तातलं प्रमाण रेटिनॉलच्या बरोबरीने चालतं. रंग आधी निळा येतो, आम्ल घालून थांबवला की पिवळा होतो आणि ४५० नॅनोमीटरवर टिकून राहतो. सेकंदांची धावपळ नाही, रक्तद्रवही अगदी थोडा लागतो, आणि हे प्रथिन रेटिनॉलइतकं उजेडाला घाबरत नाही.

किट ३५ ते ७० हजारांचं. त्यात ९६ खाचा असतात, म्हणून जाहिरातीत ‘९६ चाचण्या’ लिहितात. प्रमाण द्रावणांच्या आठ पातळ्या दुहेरी घातल्या की १६ खाचा गेल्या. उरलेल्या ८० मध्ये प्रत्येक नमुना दुहेरी, म्हणजे ४० नमुने. नमुन्यामागे खर्च ९०० ते १७५० रुपये पडतो. दुकानदाराने ९६ ने भागून सांगितलेला आकडा बजेटमध्ये लिहू नका. किट उघडण्याआधी मुदतीची तारीख आणि वाटेत बर्फ टिकला होता का, हे पाहून घ्या. ताप-दाहात हे प्रथिनही खाली येतं, तेव्हा सीआरपीचा खर्च इथेही धरायचा.

तेल आणि वनस्पती तूप

पिशवीवर निळं ‘+एफ’ चिन्ह असलेल्या तेलात भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार दर ग्रॅमला ६ ते ९.९ मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व अ हवं. वनस्पती तुपात दर ग्रॅमला किमान २५ आययू असावं असा नियम आहे, आणि गंमत म्हणजे त्याच्या मानकात आजही अँटिमनी ट्रायक्लोराइडची कार-प्राइस चाचणी नाव घेऊन लिहिलेली आहे. रक्ताच्या निदानातून मागे पडलेला निळा रंग डब्यातल्या तुपावर अजून सरकारी साक्षीदार आहे.

छोट्या तेल उत्पादकाने दर लॉटला बाहेर नमुना पाठवला तर अडीच हजार अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे २९५० रुपये एका नमुन्याला जातात. आपल्याच कारखान्यात रंगावर चालणारं छोटं यंत्र किंवा साधी रंगचाचणी ठेवून रोजचं मिश्रण तपासायचं, आणि ठरावीक काळाने एक नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या, प्राधिकरणाने अधिसूचित केलेल्या प्रयोगशाळेत पाठवून आपला आकडा पडताळायचा, हा मधला रस्ता परवडतो. पाम तेलासारख्या नैसर्गिक रंगद्रव्य असलेल्या तेलात रंगचाचणी फसवू शकते, तिथे बाहेरची तपासणी अधिक वेळा करावी.

घरच्या ग्राहकाने तेल तपासून घ्यावं का? एका लिटरच्या पिशवीसाठी तीन हजार खर्च करणं बहुतेकांना पटणार नाही. संशय असलाच तर अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० ने एक सोय दिली आहे. खरेदीदार शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो, आणि माल नियमात बसत नाही असा अहवाल आला तर भरलेलं शुल्क परत मिळतं. अट एकच, की खरेदी करतानाच दुकानदाराला आपण हे तपासायला देणार आहोत असं सांगावं लागतं. पावती, लॉट क्रमांक आणि न उघडलेलं पाकीट जपून ठेवा. उघडलेल्या, स्वयंपाकघरात उजेडात राहिलेल्या बाटलीतलं जीवनसत्त्व कमी भरलं तर दोष कोणाचा हे ठरत नाही.

आणि मोजण्याआधी एक गुणाकार. माणशी २० ग्रॅम पोषणयुक्त तेल रोज पोटात गेलं तर किमान १२० मायक्रोग्रॅम मिळतं, तेही तळणीत न नासता आलं तर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाला दिवसाला १००० आणि स्त्रीला ८४० मायक्रोग्रॅम लागतं. तेलातून जेमतेम सातवा-आठवा हिस्सा येतो. तेल तपासून समाधान मिळेल, पण पोषणाचा प्रश्न त्यातून सुटणार नाही.

पैसे भरण्याआधी विचारा

लॅबवाल्याला:
१. तपासणी कोणत्या पद्धतीने होते, आणि कुठल्या शहरात?
२. एनएबीएलच्या मान्यतेत ‘जीवनसत्त्व अ’ ही तपासणी आहे का? मान्यता लॅबला असते, पण प्रत्येक तपासणीला असतेच असं नाही. एनएबीएलच्या संकेतस्थळावर लॅबची यादी उघडून पाहता येते.
३. नळी फॉइलमध्ये गुंडाळून, थंड पेटीतून जाते का? आज किती वाजता?
४. नमुना खराब निघाला तर पुन्हा पैसे द्यावे लागतील का?

डॉक्टरांना:
५. आकडा कमी आला तर काय बदलेल, आणि नॉर्मल आला तर? दोन्ही वेळा उपचार तोच असेल, तर तपासणी न करता उपचार सुरू करता येईल का?
६. सीआरपी सोबत करायची का?

मार्गदर्शकांना:
७. विभागात प्रमाण द्रव्य आधीच आहे का, आणि ते कधी उघडलं होतं?
८. अल्कोहोलाचा परवाना आणि कचऱ्याची सोय कोणाच्या नावावर आहे?

तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेला:
९. सांगितलेला दर जीएसटीसह आहे का, आणि ड जीवनसत्त्व त्याच नमुन्यात किती जादा पैशांत होईल? पोषणयुक्त तेलात दोन्ही घालावी लागतात, त्यामुळे एकत्र तपासणी सहसा स्वस्त पडते.

या नऊपैकी पाचवा प्रश्न सगळ्यांत जास्त पैसे वाचवतो. तो विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर त्याचं उत्तर एका वाक्यात देतो.